मदत हवी आहे : गरम होऊन बंद पडलेली २०१२ची स्विफ्ट डिझेल दुरुस्त करून विकण्यासाठी घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

रविवारी सकाळी एका गाडीबद्दल हो की नाही ते सांगायचंय, म्हणून घाईने लिहितोय. डिझेल इंजिन स्वतः बांधलेल्यांनी आणि जुन्या गाड्यांचा व्यवहार केलेल्यांनी जरूर वाचा.

मी कराडजवळचा. तीन वर्षं एका गॅरेजात काम केलं. हात बसला तो पेट्रोलवर, म्हणजे अल्टो, ओम्नी, वॅगन आर. हेड उतरवणं, वॉल्व्ह घासणं, क्लच, सस्पेन्शन एकट्याने करतो. डिझेलचं इंजिन वस्तादांच्या हाताखाली दोनदाच उघडलंय. आता स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय. एक बिघडलेली गाडी घ्यायची, नीट करायची, विकायची आणि त्या पैशात पुढची. भांडवल २ लाख. त्यातले ८० हजार आईच्या भिशीचे आहेत, पहिल्याच गाडीत ते बुडाले तर मला तोंड दाखवता येणार नाही.

गाडी २०१२ची स्विफ्ट व्हीडीआय, पुणे पासिंग. बॉडी चांगली, चारही दरवाजे ओरिजिनल रंगात, खाली गंज नाही. गेल्या मे महिन्यात ती विकणारे काका पुण्याहून गावी येत होते. खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा वर गेला. एसी चालू, गाडीत पाच माणसं. घाट संपेपर्यंत तशीच रेटली, वर येऊन बॉनेट उघडलं आणि कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीत गार पाणी ओतलं. त्यानंतर दोन-तीन वेळा स्टार्टर मारला, चालू झाली, पांढरा धूर सोडून बंद पडली. तिथून टोचन करून आणली, तेव्हापासून शेडमध्ये उभी आहे. काकांचं म्हणणं, "फक्त हेड गॅस्केट गेलंय, पंधरा हजारांचं काम." (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील.) किंमत सांगतात १ लाख १० हजार. चालू स्थितीतली याच सालाची गाडी आमच्याकडे अडीच ते पावणेतीन लाखांना जाते.

मला जे दिसलं ते असं. डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं आणि पातळी वरच्या खुणेच्या बोटभर वर. नुसत्या झाकणाखाली फेस असता तर जवळच्या जवळ फिरवल्याने ओल धरली असं म्हटलं असतं, पण पातळी वाढलीय म्हणजे कूलंट आत गेलंय. दुसरीकडे कूलंटच्या टाकीतही तेलकट साय आहे. या इंजिनाला ऑइल फिल्टरच्या हाउसिंगला जोडलेला ऑइल कूलर असतो. तो फुटला तरी असंच होतं, कारण इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर जास्त, ते पाण्यात जातं, आणि बंद केल्यावर पाण्याचं प्रेशर उरतं, ते ऑइलमध्ये येतं. कूलर असेल तर काम स्वस्तात सुटेल. पण घाटातली हकीकत ऐकल्यावर मला तसं वाटत नाही. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं की ते वाकतं तरी, नाहीतर वॉल्व्हच्या मधे तडकतं.

काका इंजिन खोलू देत नाहीत. मी विनंती करून संपचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट सैल केला आणि पाण्याच्या बाटलीत थोडं ऑइल धरून आणलं. रात्रभर ठेवलं तर तळाला पाणी बसलं. वरचं ऑइल पांढऱ्या ताटलीत घेऊन उन्हात धरलं तर बारीक चमचम दिसली. चुंबक फिरवला, त्याला काही चिकटलं नाही. म्हणजे लोखंड नाही. मग ही बेअरिंगची धातू आहे की पिस्टनचं ॲल्युमिनियम? माझा सगळा निर्णय या चमचमीवर अडलाय. पाणी मिसळलेल्या ऑइलवर इंजिन दोन मिनिटं जरी फिरलं तरी क्रँकची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याची) बेअरिंग खातं, असं वस्ताद सांगायचे. यावरून क्रँक घासायला लागेल असं धरूनच चालू का?

हिशेब मांडतो. फक्त हेडचं काम असेल तर गॅस्केट सेट, हेडची प्रेशर टेस्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटर, ऑइल असं धरून ३५ हजार. क्रँक, बेअरिंग, पिस्टन, रिंगा, टायमिंग चेनचा सेट हे सगळं निघालं तर ९० हजार. टायर १४ हजार, विमा आणि कागदपत्रं १५ हजार. त्यांच्या किमतीला घेतली आणि सगळं निघालं तर २ लाख २९ हजार होतात, म्हणजे माझ्या आवाक्याबाहेर. ७५ हजारांना मिळाली तर वाईटात वाईट धरूनही १ लाख ९४ हजारांत बसते. म्हणून ७५ सांगायचं ठरवलंय.

या इंजिनाच्या सुट्या भागांची चिंता नाही. १२४८ सीसीचं हे फियाटचं मल्टिजेट डिझायर, रिट्झ, पुंतो, इंडिका व्हिस्टा अशा कितीतरी गाड्यांत होतं. अडचण दुसरी आहे. हेड उतरवलं की चेन सुटते आणि टायमिंग (वॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ) परत जुळवायला कॅम-क्रँक लॉक करायच्या पिना लागतात. त्या कोणाकडे चार दिवस भाड्याने मिळतील का? आणि या हेडला फेस मारलेला (मशीनवर घासून सपाट केलेलं) चालतो का, की वाकलं तर हेडच बदलायचं? पेट्रोलच्या हेडला आम्ही बिनधास्त फेस मारतो, डिझेलचं कॉम्प्रेशन आधीच इतकं जास्त, तिथे माझं धाडस होत नाही. मशीनचं काम कोल्हापूरला उद्यमनगरात करून घेईन, तिथे डिझेलच्या हेडला सरावलेला लेथवाला माहीत असेल तर सांगा.

आता कागदांचं. काका दुसरे मालक, पण गाडी अजून पहिल्या मालकाच्याच नावावर आहे. त्याच्या सह्या केलेले मालकी बदलायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म काकांकडे आहेत. आरसीवर फायनान्सचा बोजाही दिसतो, कर्ज फिटलंय म्हणतात, पण बोजा उतरवायचा ३५ नंबरचा फॉर्म आणि फायनान्सवाल्यांची एनओसी (ना हरकत पत्र) हातात नाही. ओळखीचा एक एजंट म्हणतो, "ओपन पेपरवर घे, नावावर करूच नको, विकशील तेव्हा थेट गिऱ्हाइकाच्या नावावर जाईल, मालकांची संख्या वाढणार नाही." मला हे पटत नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव आहे त्याची, गाडी त्याने कधीच विकलेली असली तरी. मी ट्रायलला काढली आणि कोणाला लागलं तर तो पुण्यातला माणूस कोर्टात उभा राहणार. शिवाय विमा संपलाय. म्हणून आधी बोजा उतरवायचा, मग माझ्या नावावर, मग विमा, आणि त्यानंतरच गाडी रस्त्यावर. यात किती दिवस जातात, पुण्याहून कराडला आणताना काय अडतं, ते अनुभवी लोकांनी सांगावं. तसंच २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. वर्षाला दोन-तीन गाड्या स्वतःच्या नावावर घेऊन विकणारा त्यात धरला जातो का?

आणखी एक. आरसी जून २०२७पर्यंतच आहे. पुढे पुनर्नोंदणी, फिटनेस, पर्यावरण कर हे सगळं गिऱ्हाइकाला दिसणारच, त्यामुळे दुरुस्तीला मला फार वेळ लावून चालणार नाही.

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. विकताना मी इंजिन उघडलं होतं हे सांगणार आहे. कामाचे फोटो, लेथवाल्याचं बिल, पार्टची बिलं अशी फाइल करून देणार. मित्र म्हणतात, "सांगितलंस तर तीस हजार कमी येतील." ज्यांनी असं सांगून गाडी विकलीय, त्यांचा काय अनुभव? फाइल बघून गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो, की "इंजिन खोललेलं आहे" एवढं ऐकूनच तो उठतो?

भर, शुक्रवार रात्र :

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

टर्बोची (इंजिनात जास्त हवा दाबणाऱ्या पंख्याची) आठवण करून दिलीत ते फार बरं झालं. माझ्या डोक्यातच नव्हतं. त्याची बेअरिंगही त्याच दुधाळ ऑइलवर फिरली. त्याचे १५ हजार धरले तर ७५ची किंमत बसत नाही, ६० सांगावी लागेल.

स्टार्टर मारू नका हा सल्लाही पटला. पिस्टनच्या डोक्यावर पाणी साठलं असेल तर कनेक्टिंग रॉडच वाकायचा. रविवारी आधी ग्लो प्लग काढून पान्याने हाताने क्रँक फिरवून बघणार. इंजिनात पाणी घेऊन आठ महिने उभी आहे, रिंगा धरल्या असतील तर तिथेच कळेल. नंतर गार इंजिनावर कूलंटच्या टाकीतून एक बारपर्यंत हवा भरून प्रेशर किती वेळ टिकतं ते पाहीन. काकांना सांगितलंय की एवढं करू दिलं तरच मी किंमत बोलेन. ते "ये" म्हणालेत.

भंगारातलं तयार इंजिन बसवण्याबद्दल दोघांनी सुचवलं. इंजिन नंबर बदलला की आरसीवर चढवावा लागतो आणि त्या इंजिनाचं बिल लागतं. आमच्या बाजारात बिल देणारा मला अजून भेटला नाही. म्हणून ब्लॉक हाच ठेवायचा.

चमचमीचा फोटो मात्र नीट येत नाहीये. कॉफी गाळायच्या कागदातून ऑइल गाळून बघ असं एकाने लिहिलंय, ते उद्या करतो. कागदावर तांबूस कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन तांब्यापर्यंत झीज गेलीय असंच समजायचं ना? शनिवारी रात्रीपर्यंत कोणी एवढं नक्की सांगितलं तर फार मदत होईल. आणि कराड, सातारा, इस्लामपूरकडे कोणाकडे इंजिनात घालायचा कॅमेरा असेल तर रविवारी सकाळी तासाभरासाठी हवाय. मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि दुपारच्या आत आणून देईन.