नव्या सिस्टर 'ओव्हर' कशा शिकतात? नमुना किती घ्यायचा?

रंकाळावेस
एम.एस्सी. नर्सिंगचा प्रबंध. कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात नव्या सिस्टर ओव्हर (पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरकडे सोपवणं) द्यायला-घ्यायला कशा शिकतात, हा विषय. पद्धत अन्वयार्थक गुणात्मक, म्हणजे आकडे मोजण्याऐवजी अर्थ लावायचा. ३० जणींसाठी प्रश्नावली तयार आहे. नमुन्याचं सूत्र कुठलं लावू? दोघांनी कोडिंग करून (मजकुराच्या तुकड्यांना अर्थाची लेबलं लावून) कप्पा, म्हणजे दोघांची लेबलं किती जुळतात त्याचा आकडा, काढायला लागतो का?

शाहूपुरीकर
ताई, प्रश्नावली आधी कपाटात ठेवा. 'ओव्हर नीट घेता का?' म्हटलं की सगळ्या 'होय' म्हणणार. शिकणं दिसतं ते वॉर्डात. पाळी बदलायच्या अर्धा तास आधी जाऊन उभ्या राहा. सात नंबरच्या बेडपाशी जुन्या सिस्टर काही न बोलता युरोबॅगवर (लघवीच्या पिशवीवर) बोट ठेवतात आणि नवी मुलगी तळहातावर '२००' लिहून घेते, हे टिपायचं. तिथं चार शब्द, सविस्तर नोंद त्याच रात्री. सकाळपर्यंत निम्मं उडालेलं असतं.

मुलाखत दोन-तीन दिवसांत घ्या. ४५ ते ६० मिनिटं, इन्चार्जच्या टेबलापासून लांब. 'कसं शिकलात?' विचाराल तर पुस्तकातलं उत्तर येईल. 'मंगळवारी हातावर काय लिहिलंत, आणि तेच का?' असं विचारा.

पंचगंगाकाठ
सूत्र टक्केवारी काढायला लागतं, इथं त्याचं काम नाही. प्रश्न जितका नेमका आणि मुलाखत जितकी खोल, तितक्या कमी जणी पुरतात. माल्टेरूड आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हेच 'माहितीची ताकद' म्हणून मांडलंय. प्रस्तावात '१० ते १५, विश्लेषण करत ठरवू' असं लिहा.

कप्पा नको. बरोबर अर्थ एकच, असं धरलं तरच त्याला अर्थ. दुसरी व्यक्ती जरूर घ्या, पण वाद घालायला.

रंकाळावेस
मुलाखती थेट इंग्रजीत टाईप केल्या तर चालेल?

शाहूपुरीकर
नको! 'बघ की जरा' हा हुकूम, चेष्टा की शिकवणं, ते इंग्रजीत गेलं की कळतच नाही. बोलीतच उतरवा, 'व्हय' सुद्धा 'व्हय'च. तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला पाच-सहा तास धरा. कोडिंगही मराठीत, भाषांतर फक्त प्रबंधात घ्यायच्या उताऱ्यांचं.

पंचगंगाकाठ
आणि ओव्हर चालू असताना रेकॉर्डर बंद. त्यात पेशंटची नावं, आजार सगळं येतं. इन्चार्जनी परवानगी दिली म्हणजे सिस्टरनी संमती दिली असं होत नाही. ती प्रत्येकीकडून वेगळी, आणि एथिक्स कमिटीची मंजुरी वॉर्डात पाऊल टाकायच्या आधी. नावं बदलली तरी 'आयसीयूतले एकमेव ब्रदर' लिहिलंत की सगळा मजला ओळखतो.