सतार शिकताना बोटाला तेल लावायचं की नाही?

कोमलऋषभ
दिवाळीपासून सतार शिकतेय. डाव्या तर्जनीवर तारेची काळी रेघ उमटलीये आणि आता त्याच रेघेत चीर गेलीये, मींड (तार आडवी ओढून एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाणं) ओढायची म्हटलं की डोळ्यांत पाणी. सर म्हणतात खोबरेल तेलात भिजवलेला कापसाचा बोळा डबीत घालून शेजारी ठेव आणि मधूनमधून बोट टेकव. चुलतभाऊ गिटार वाजवतो, तो म्हणतो तेल लावशील तर घट्टा जन्मात पडणार नाही, स्पिरिट लाव. मला सरांचं पटतंय. ज्यांना पटत नसेल त्यांनी कारण सांगा, नुसतं "आमचा अनुभव आहे" नको.

तार_तुटली
भाऊ बरोबर आहे तुमचा. कॅलस म्हणजे वरची मेलेली कातडी जाड होणं, ती कोरडी असली तरच कडक राहते, तेलपाणी लागलं की गेली मऊ पडून. आम्ही तर आंघोळ केली, भांडी घासली की लगेच गिटारला हात लावत नाही. शिवाय तेलकट बोटं लागली की ब्राँझच्या तारांचा आवाज बसतो तो वेगळाच, आणि तारा काय फुकट मिळतात का.

मिरजेचा_पाव्हणा
अहो पण गिटारचा न्याय सतारीला कशाला लावताय? गिटारवर तुम्ही तार दाबता, फार तर थोडं बेंडिंग, म्हणजे तार जराशी ओढणं. इकडे बाजाची तार, म्हणजे जिच्यावर सूर वाजतात ती मुख्य तार, जेमतेम ०.३ मिलिमीटरची पोलादी, ती पडद्यावर (दांडीवरच्या धातूच्या पट्टीवर) आडवी ओढत चार-पाच सुरांपर्यंत न्यायची, आणि घसीट घेताना तेच बोट दाब न सोडता तारेवरून सरकवायचं. कोरडं बोट तिथं अडकतं आणि अडकलं की कापतं. तेल घट्ट्यासाठी नाहीच मुळी, बोट सरकण्यासाठी आहे. तेही नुसतं टेकवायचं, चोपडलंत तर मींड ओढताना तारच निसटेल.

आणि ताई, आधी तार बघा. पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडं तारेला हमखास गंज धरतो, नुसतं बोट फिरवलं तरी खरखर कळते, ती बदलून टाका, आणि रोज वाजवून झालं की सुक्या फडक्यानं पुसत जा. पडद्यांना खाचा पडल्यात का तेही बघा. आमच्या मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, ती बनवणारी घराणी मूळची तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांची, पण म्हणून तारेलाही धार पाहिजे असं काही नाही 😄

तंबोरा_जुळवा
हल्ली सगळ्यांना न दुखता शिकायचंय. तेल, स्पिरिट, गंजलेली तार, ही सगळी रियाज टाळायची कारणं. आमच्या वेळी बोट फुटलं तर चिंधी गुंडाळून बसायचो, गुरुजींना सांगायची टाप नव्हती, आणि घट्टे असे पडले की आजही सुई टोचली तरी कळत नाही.

कातडी_वाचवा
काका, सुई टोचलेली कळत नाही यात मिरवण्यासारखं काय आहे? तारेवरचा दाब कळायला बोटाला थोडी तरी जाणीव हवीच ना. मी रोज पेशंटची त्वचा बघते म्हणून सांगते, घट्टा पडतो तो थोडं थोडं आणि रोज घासलं गेल्यामुळे, काही आठवड्यांत. एकदम तासन्‌तास बसलात तर घट्टा पडायच्या आधी फोड येतो, आणि फोड फुटला की खालची कोवळी कातडी उघडी, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. चिंधी गुंडाळून वाजवण्यात शौर्य नाही, उलट उशीरच होतो. ताई, चीर मिटेपर्यंत डाव्या हाताला सुट्टी द्या, मिजराबीचे (उजव्या बोटातल्या तारेच्या नखीचे) बोल घोटत बसा, तोही रियाजच.

स्पिरिटने कातडी कडक होत नाही, सुकते, आणि सुकली की जास्त चिरते. काही जण चिरेत फेविक्विक भरतात, ते तर अजिबात नको, कातडी जळजळते आणि आत घाण कोंडली जाते. घट्ट्याची कड सुटून तारेत अडकत असेल तर बारीक फाइलने हलकेच घासा, नेलकटरने कुरतडू नका. डायबेटिस असेल तर छोट्या चिरेकडेही दुर्लक्ष नको. तेलाबद्दल विचाराल तर वाजवताना टेकवलेल्या थेंबभर तेलाने घट्टा विरघळत नाही, तास-दीड तास पाण्यात हात असले तर नक्की मऊ पडतो.

तंबोरा_जुळवा
मग आमचे हात काय उगाच झाले?

मिरजेचा_पाव्हणा
झाले की काका, पण बोट फुटलं म्हणून नाही, रोज बसलात म्हणून.

तार_तुटली
स्पिरिटचं सोडलं मी. पण अकूस्टिक गिटारला तेल नाही म्हणजे नाही, यावर ठाम आहे. नव्या पोरांचं निम्मं दुखणं तर स्वस्तातल्या गिटारची तार फळीपासून फार उंच असते म्हणून, दुकानात नेऊन सेटअप करून घ्या आणि दहा नंबरच्या बारीक, हलक्या तारा लावा, मग बोटाला काय लावायचं ते विचारा.

कोमलऋषभ
तार बघितली, तिसऱ्या-चौथ्या पडद्याच्या मधे चक्क तांबूस झालीये. उद्या बदलून घेते. तेलाची डबी ठेवणार आहेच, आणि भाऊ घरी आला की त्याच्या गिटारला हात लावणार नाही, तेवढं मान्य.