चर्चा : 'शिक्षा नको, आधी कारण शोधा' हे न्यूरोडायव्हर्जंट (मेंदूची जडणघडण वेगळी असलेल्या) मुलांच्या घरात आणि वर्गात शक्य आहे का?

पारिजात (विशेष शिक्षिका, नाशिक)

स्वमग्न (ऑटिस्टिक) किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि चंचलता आवरणे अवघड जाणारी स्थिती) असलेले मूल वर्गात किंचाळले, कुणाला चावले किंवा स्वतःच्या डोक्यावर मारून घेऊ लागले, की आपल्याकडे अजूनही पहिला प्रश्न येतो तो "याला आवरायचे कसे?" हा. माझे ठाम मत असे आहे की पहिला प्रश्न "हे कशामुळे होते आहे?" हाच असला पाहिजे आणि त्याचे उत्तर कागदावर उतरेपर्यंत कोणताही उपाय सुरू करू नये. सकारात्मक वर्तन साहाय्य (पॉझिटिव्ह बिहेवियर सपोर्ट) या पद्धतीचा मी समजते तो गाभा हाच आहे.

त्यासाठी आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले आणि त्यानंतर आजूबाजूच्यांनी काय केले, या तीन गोष्टींची नोंद पंधरवडाभर ठेवायची. बहुतेक वेळा त्यातून काही आकार दिसू लागतो : परिपाठात माइक सुरू झाला की किंचाळणे, गणिताची वही काढायला सांगितले की ढकलाढकली. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या अमेरिकन संशोधकांनी १९८५ साली चार मुलांवर केलेला अभ्यास मला आजही मार्गदर्शक वाटतो. ज्या मुलांचा त्रागा अवघड कामामुळे होत होता, त्यांना "मला समजत नाही" असे सांगायला शिकवले आणि ज्यांना मोठ्यांचे लक्ष हवे होते, त्यांना आपले काम दाखवून "मी नीट करतोय ना?" असे विचारायला शिकवले, तेव्हा त्रागा मोठ्या प्रमाणात कमी झाला. मुलाला माइकपासून लांब उभे राहू देणे, दिवसभराचा क्रम चित्रांतून दाखवणे, "थांबा" असे सांगणारे कार्ड त्याच्या हाताशी ठेवणे हे खरे उपाय आहेत. बक्षीस म्हणून स्टार आणि चॉकलेट देणे हा त्यातला सर्वांत लहान भाग आहे, पण पुष्कळ शाळांत तेवढाच उचलला जातो.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली आहे. तरीही मधल्या सुट्टीत एकट्याला वर्गात बसवणे, सहलीतून वगळणे, आईला रोज शाळेत बोलावून सर्वांसमोर ऐकवणे हे सर्रास चालते. माझ्या दृष्टीने ही अपंगत्वाबद्दल दिलेली शिक्षाच आहे.

वाटसरू (पुणे)

मी स्वतः स्वमग्न आहे आणि माझे निदान वयाच्या तिशीनंतर झाले. पारिजात यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे, पण पद्धतीबद्दल गंभीर आक्षेप आहे.

ही पद्धत उपयोजित वर्तन विश्लेषणाच्या (वागण्याआधी आणि नंतर घडणाऱ्या गोष्टी बदलून वागणूक घडवण्याच्या शास्त्राच्या, इंग्रजीत एबीए) मुळातून वाढली आहे. मानसशास्त्रज्ञ आयव्हर लोवास यांच्या १९८७ सालच्या प्रसिद्ध अभ्यासात १९ मुलांना आठवड्याला ४० तास प्रशिक्षण दिले गेले, त्यांतली ९ मुले 'सामान्य' झाल्याचे सांगितले गेले आणि त्या प्रशिक्षणात मोठ्याने "नाही" म्हणून ओरडणे, प्रसंगी मांडीवर चापट मारणे याचाही समावेश होता. सकारात्मक वर्तन साहाय्याने शिक्षा सोडली हे मला मान्य आहे. परंतु मुलाने कसे दिसावे हे मोठ्यांनी ठरवायचे, ही त्यामागची धारणा सुटली का? हात फडफडवणे, डोळ्यांत डोळे न घालणे, तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणे यांनी कुणाचेही नुकसान होत नाही आणि आमच्यापैकी अनेकांना त्यानेच सावरता येते. तरीही मुलांसाठी केलेल्या वर्तनाच्या आराखड्यांत ही 'कमी करण्याची वर्तने' म्हणून लिहिलेली मी पाहिली आहेत.

आपण सांगता त्या तीनही नोंदी बाहेरून दिसणाऱ्या आहेत. शाळेत सहा तास गप्प बसलेले मूल घरी येऊन कोसळते, तेव्हा शाळेच्या कागदावर आराखडा यशस्वी झालेला असतो. डॅमियन मिल्टन या स्वमग्न अभ्यासकाने २०१२ साली असे मांडले की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते. आम्हाला तुमचे कळत नाही तितकेच तुम्हालाही आमचे कळत नाही. मग बदलण्याचा आराखडा नेहमी एकाच बाजूसाठी का असतो?

परिणामकारकतेबद्दलही सावध असावे. इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसोबत काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना या पद्धतीचे प्रशिक्षण देऊन मोठी चाचणी घेण्यात आली. २०१८ साली तिचे निष्कर्ष आले, तेव्हा नेहमीच्या सेवेपेक्षा वर्तनात लक्षणीय फरक पडलेला दिसला नाही.

मारवा (जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक)

दोघांचेही वाचले. आमची शाळा दोन शिक्षकी आहे आणि माझ्यासमोर दोन इयत्ता एकत्र बसतात. ज्या मुलाला चावा बसला त्याचे पालक दुसऱ्या दिवशी दारात उभे असतात आणि त्यांना मी "पंधरवडाभर नोंदी चालू आहेत" असे सांगू शकत नाही. दुसऱ्या मुलांची सुरक्षितता हाही हक्कच आहे.

सर्वसाधारण शाळांतही विशेष शिक्षक असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली बजावले आहे. आमच्याकडे येणाऱ्या विशेष शिक्षकांवर मात्र अनेक शाळांचा भार आहे, त्यामुळे ते पुन्हा येतात तोवर वर्गातली परिस्थिती पार बदललेली असते. माणूसबळ न देता पद्धत द्यायची आणि ती फसली की वर्गशिक्षकाला संवेदनाशून्य ठरवायचे, याला माझा विरोध आहे.

पारिजात

मारवा सर, चावा घेणाऱ्या मुलाला तत्क्षणी बाजूला घेणे आणि दोघांनाही सुरक्षित करणे आवश्यकच आहे. 'उपाय' म्हणताना माझ्या मनात पुढच्या आठवड्यांतली वागणूक बदलण्याची योजना होती. नोंदीही सगळ्या दिवसाच्या नकोत. एकच वर्तन आणि ते सर्वाधिक घडते ती एकच तासिका निवडली, तर दोन ओळींत काम भागते. माणूसबळाची आपली मागणी पूर्णपणे रास्त आहे आणि ती विशेष शिक्षकांनीही तितक्याच जोराने केली पाहिजे.

वाटसरू, हात फडफडवणे हे कोणत्याही आराखड्याचे लक्ष्य असता कामा नये, यावर आपले एकमत आहे. पण डोके भिंतीवर आपटणाऱ्या मुलाच्या बाबतीत मी जगाची समजूत बदलेपर्यंत थांबू शकत नाही. आपण सांगितलेली चाचणी प्रौढांच्या सेवांमधली होती आणि तिच्यातून मी असा अर्थ घेते की कर्मचाऱ्यांना काही दिवसांचे प्रशिक्षण देऊन ही पद्धत रुजत नाही. आपल्याकडे जे एका दिवसाच्या कार्यशाळेवर भागवतात, त्यांनी तो निष्कर्ष जरूर वाचावा.

कुटुंबाबद्दलही सांगते. गोव्यात आणि रावळपिंडीत ६५ स्वमग्न मुलांच्या पालकांसोबत झालेल्या अभ्यासात, जो २०१६ साली प्रसिद्ध झाला, तज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाच्या कलाने प्रतिसाद द्यायला शिकवले. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुले स्वतःहून अधिक संवाद सुरू करू लागली. तो कार्यक्रम वर्तनाचा नव्हता, संवादाचा होता. तरी मोठ्या शहरांतील थेरपी केंद्रांशिवाय काही घडूच शकत नाही, हा समज त्याने खोडला आहे.

उंबरठा (ठाणे)

माझ्या मुलाला एडीएचडी आहे. 'कुटुंबाला साहाय्य' हे शब्द वाचायला फार चांगले वाटतात. प्रत्यक्षात मला मिळाले ते तक्ते, चित्रांची कार्डे आणि रोज संध्याकाळचे तासभराचे काम. ते सर्व माझ्याच नावावर होते. त्याच्या वडिलांचे नाव आराखड्यात कुठेही नव्हते. सासूबाईंना कोणी समजावून सांगितले नव्हते की कुकरच्या शिट्टीने तो कान झाकतो ते नाटक नाही, त्यामुळे तेही मीच सांगायचे आणि वर लाड करते म्हणून ऐकूनही घ्यायचे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचे मात्र स्वतंत्र नाव नाही. केवळ तेवढे निदान असलेल्या मुलाच्या आईने प्रमाणपत्र कशाच्या आधारावर मागायचे? पारिजात, मी आपल्या पद्धतीच्या विरोधात नाही, पण आराखडा करताना घरातील कोणती व्यक्ती, कोणत्या वेळी, किती वेळ देऊ शकते हे आधी विचारले जात नसेल, तर तो आराखडा मी स्वीकारणार नाही. औषधोपचार सुरू केले की पालक हरले, असा सूरही या क्षेत्रात ऐकू येतो. तो मला अन्यायकारक वाटतो. बालमानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली औषध घेतल्यानंतर माझा मुलगा पहिल्यांदा गृहपाठाचे एक पान सलग करू शकला.

वाटसरू

उंबरठा यांची अट मला पद्धतीच्या वादापेक्षा महत्त्वाची वाटते. मी तिच्यात एक जोडतो. पारिजात यांच्या नोंदवहीत चौथा रकाना असावा आणि त्यात मुलाने बोलून, कार्डाने किंवा अंग चोरून दिलेला नकार लिहावा. एखाद्या उपायाला मूल सलग आठवडाभर नकार देत असेल, तर तो उपाय थांबवावा, मग तो वर्गासाठी कितीही सोयीचा असो. हे मान्य असेल, तर माझा विरोध बराचसा मावळेल.

पारिजात

औषधांबद्दल उंबरठा यांचे म्हणणे मला पटते. चौथा रकाना मान्य आहे. आठवड्याची मुदत मात्र सरसकट मान्य नाही, कारण दात घासणे आणि रस्ता ओलांडताना हात धरणे यांनाही काही मुले महिनोन्महिने नकार देतात. तिथे उपाय थांबवता येत नाही. ब्रश, पेस्टची चव, वेळ, शिकवणारी व्यक्ती हे सगळे बदलून पाहावे लागते. कोणता नकार अंतिम मानायचा आणि कोणता नाही, याची यादी प्रत्येक मुलासाठी पालकांसोबत आणि शक्य तिथे मुलासोबत बसून करावी, असे माझे म्हणणे आहे. येत्या सत्राच्या आराखड्यांत तो रकाना मी घालते आहे.