चर्चा : पुस्तकातल्या चित्रांना ‘सजावट’ म्हणणाऱ्या सरांना उत्तर

रेघोटी :
काल पेठकरी सरांनी लिहिलं की आजचे पुस्तकचित्रकार चित्र काढतच नाहीत, सजावट करतात. सपाट रंग, बिनहाडाची माणसं, टॅबलेटवर ओढलेल्या रेघा. दीनानाथ दलाल-रघुवीर मुळगावकरांबरोबर मराठी मुखपृष्ठ संपलं, आणि आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर या जुन्या चित्रकारांच्या कोल्हापूरने तरी हे खपवून घेऊ नये. खाली बऱ्याच जणांनी री ओढली. मी याच गावात राहून पुस्तकांसाठी चित्रं काढते, म्हणून गप्प बसवत नाही.

सर, मुळगावकरांच्या देवादिकांची जी तुकतुकीत कांती तुम्हाला आवडते, ती स्प्रेची आहे. हवेच्या दाबाने रंग फवारणारं यंत्र. ते हाती घेतलं म्हणून त्यांना कुणी कमी लेखलं नाही, मग माझ्या हातातल्या पेनवर राग का? टॅबलेट रेघ काढून देत नाही. हात कोपरातून फिरला नाही तर रेघ तिथेही लुळीच पडते.

आणि दलालांना तुम्ही एकाच शैलीत कोंडून ठेवलंय. ‘दीपावली’चे जुने अंक काढून बघा. हुबेहूब चेहरे रंगवणाऱ्या त्याच हाताने जाड रेघेची, सपाट रंगांची, लघुचित्रांच्या वळणाची चित्रंही केली आहेत. मजकुराला जे हवं ते द्यायचे. गावाचंच नाव घ्यायचं तर हास्यचित्रकार वसंत सरवटे का आठवले नाहीत? १९२७ साली कोल्हापुरात जन्मले, पोटासाठी सिमेंट कंपनीत इंजिनिअर होते. पुलंच्या पुस्तकांतली त्यांची माणसं आठवा. तुमच्या मापाने त्यातल्या एकाचंही शरीर बरोबर नाही. तरी तो माणूस कुठल्या आळीतला, घरी कसा वागत असेल, हे बघताक्षणी कळतं. लेखिका-चित्रकार माधुरी पुरंदरे मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, पुढे पॅरिसला. त्यांच्या मुलांच्या पुस्तकांतली घरं राहती वाटतात, कारण आधी कुणीतरी नीट बघितलंय. याला सजावट म्हणायचं?

आता माझं सांगते. एका बालपुस्तकात आपल्या गंगावेशीतला दूध कट्टा काढायचा होता, जिथे म्हशी आणून समोरच दूध काढून देतात. कट्ट्यावर जाऊन बसले, म्हशी काढल्या. म्हैस उभी असते तेव्हा पाठीमागे माकडहाडाजवळ दोन टोकं वर येतात आणि मधली कातडी झोळीसारखी खाली जाते. अंग काळं म्हणतो आपण, पण कट्ट्यावरच्या दिव्यात ते पाठीवर निळं आणि पोटाखाली तपकिरी दिसतं. हे सगळं वहीत उतरवल्यावर शेवटच्या चित्रात मी एकच सपाट गडद रंग ठेवला आणि त्या दोन हाडांची एक रेघ. बाकी सगळं गाळलं. संपादकांनी उत्तरात परदेशी चित्राचा नमुना पाठवला. ठिपक्यांची गाय, हसरं तोंड, ‘असं गोड करा’. त्या पुस्तकात शेवटी गाय छापली गेली, दुसऱ्या कुणाकडून काढून घेतलेली. गंगावेशीत गाय! दोष द्यायचा तर तो कुणाला द्यायचा, सर?

पेठकरी :
ताई, तुमच्या म्हशीबद्दल तक्रार नाही. तुम्ही बसून काढलीत, मग गाळलंत. माझी तक्रार न बसताच गाळणाऱ्यांबद्दल आहे.

दुकानात जा आणि मुलांची कुठलीही नवी पुस्तकं शेजारी शेजारी उघडा. गालावर लाल गोळा, डोळ्यांच्या जागी ठिपके, हात म्हणजे नळी, आणि पंजा पाठीमागे नाहीतर खिशात. सगळ्यांनाच पंजा लपवायचा असतो, कारण तो येत नाही. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी पोरं आधी स्वतःच्या डाव्या हाताची रेखाटनं करून आणायची, वह्याच्या वह्या. निवृत्तीच्या आधी पोरं मोबाइलवरचं कार्टून दाखवून म्हणायला लागली, सर, असंच काढू दे. आता तर तेही नको, यंत्राला सांगितलं की चित्र येतं. २०२५ च्या मार्चमध्ये अर्ध्या गावाने आपले फोटो जपानी कार्टूनसारखे करून घेतले, त्यात माझे विद्यार्थीही होते. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आबालाल जे.जे.त शिकले, शाहू महाराजांच्या पदरी राहिले, आणि इथल्या कोटीतीर्थ तळ्याच्या काठी राहून पाण्यावरचा उजेड रंगवत बसले. कुणी मागितलं म्हणून नव्हे. सरवट्यांचं नाव घेऊन तुम्ही मला अडवलंत. पण सरवटे एकच होते. त्यांच्या नावाआड दडणारे फार झालेत.

दोन_पोरांची_आई :
सर, पुस्तकं एका साच्यातली दिसतात हे खरं आहे. माझा धाकटा पाच वर्षांचा. चकचकीत पुस्तक एकदा उघडतो आणि टाकून देतो. एका जुन्या ‘किशोर’मधलं बाजाराचं चित्र मात्र फाटेपर्यंत बघितलं, कारण त्यात कोपऱ्यात एक पोरगं चप्पल शोधतंय. पण म्हणून सगळ्या नव्या चित्रकारांना एका दोरीत बांधू नका. तुम्ही नाक मुरडता त्या ‘सपाट’ पुस्तकांतलंही एक त्याला झोपताना लागतंच. आणि तुमच्या वेळची सगळी मुखपृष्ठं थोर होती का? घरात माळ्यावर आहेत माझ्या सासऱ्यांची पुस्तकं. प्रत्येक कादंबरीवर तीच मान वळवलेली बाई.

छापखाना_उद्यमनगर :
तुम्ही सगळे चित्रावर भांडताय. चित्रावरचं अक्षर बघतंय का कोण? माझ्याकडे मुखपृष्ठं छपाईला येतात. चित्र मन लावून केलेलं असतं आणि पुस्तकाचं नाव फुकटच्या फॉन्टमध्ये टाइपून चिकटवलेलं. फाइल उघडली की वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसलेली, रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर. वर हिंदी वळणाचा दंडाचा ‘ल’. २०२२ च्या शासन निर्णयात मराठीला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ सांगितलाय, पहिलीच्या पोरांना तो गिरवायला लावतो, आणि त्याच पोरांच्या गोष्टीच्या पुस्तकावर दुसराच छापतो. चित्रकाराला फोन केला तर म्हणतो, अक्षरं माझं काम नाही.

नाटकांची नावं रेखाटणारे अक्षरकार कमल शेडगे २०२० साली गेले. त्यांनी काढलेल्या नुसत्या नावावरून नाटक कसलं आहे ते कळायचं. आजच्या चित्रकारांवर माझा राग आहे तो इथे.

पेंटरचा_पोरगा :
दादा, अक्षरांचं काढलंत म्हणून लिहितो. आमचे आण्णा बोर्ड पेंटर. पत्र्याला आधी रेड ऑक्साइड, वाळला की पांढऱ्या इनॅमलचे दोन हात. मग सुतळीला खडूची पूड चोळून दोन टोकांना ताणायची आणि मधून उचलून सोडायची. त्या रेघेवर शिरोरेघ. दुकानाच्या नावात ऊकार आला की खालच्या ओळीतला फोन नंबर तेवढा सरकवायचा, हे ब्रश लावायच्या आधी डोक्यात पक्कं असायचं. शेड सगळ्यात शेवटी.

फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत काम संपलं. आधी बोर्ड गेले, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मग मंडळांचे पडदे. आज चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, त्यातल्या एका अक्षराला माणसाचा हात लागलेला न्हाई. तवा कुठल्या चित्रकारानं, कुठल्या ड्रॉइंग मास्तरनं आवाज उठवला? एकानंबी न्हाई. आता यंत्र तुमच्या दारात आलं तर कला धोक्यात. रेघोटीताई, सर, दोघांनाबी विचारतोय. राग मानू नका, पर आम्हाला कुणी कलाकार म्हटलंच न्हाई.

रेघोटी :
दादा, राग नाही, पण माझ्यावर टाकू नका हे. फ्लेक्स आला तेव्हा मी शाळेत होते. आणि छापखानादादा, ‘अक्षरं माझं काम नाही’ असं चित्रकार का म्हणतो तेही ऐका. मुखपृष्ठाचं मानधन एकच. त्यात चित्र, नाव, पाठ, कणा, तीनदा बदल, आणि जाहिरातीसाठी वेगळा आकार. एका दिवाळी अंकाने तर पैशांऐवजी अंकाच्या प्रती पाठवल्या आणि अनुक्रमणिकेत माझं नावही नव्हतं. अक्षरकाराला वेगळे पैसे द्या म्हटलं की प्रकाशक म्हणतात, फॉन्ट आहे की. तुम्ही छापायच्या आधी त्यांना का अडवत नाही? तुमच्या हातात तर मशीन आहे.

छापखाना_उद्यमनगर :
अडवलं तर काम दुसऱ्या प्रेसला जातं. कामगारांचे पगार कोण देणार, तुम्ही?

रेघोटी :
मग आम्हीही अडवलं तर काम दुसऱ्याला जातं. तेवढी समज तुम्हाला स्वतःला लागू होते आणि आम्हाला नाही?

पेठकरी :
भांडण थांबवा. पेंटरच्या पोरा, तू म्हणतोस ते लागलं. बाबूरावांनी पडदे रंगवले, पोस्टरं रंगवली, त्यांना आपण कलामहर्षी म्हणतो, आणि पेठेतल्या बोर्ड पेंटरला नुसता पेंटर. शाळेत सुलेखनाचा तास मी बोरू देऊन घ्यायचो, पण बोर्ड रंगवणाऱ्या माणसाला वर्गात बोलवावं हे कुठल्याच शाळेला सुचलं नाही, हे खरं आहे.

रेघोटीताई, सरवट्यांचं आणि पुरंदरेबाईंचं मान्य करतो, नाइलाजाने का होईना. मुळगावकरांच्या स्प्रेचंही. पण माझी अट तीच. आधी पंजा काढता आला पाहिजे, मग तो लपवा. हा क्रम सोडणाऱ्याला मी चित्रकार म्हणणार नाही, तो टॅबलेटवर काढो की कागदावर.

रेघोटी :
क्रमावर आपलं भांडण नव्हतंच, सर. तुम्ही सरसकट सगळ्यांना सजावटवाले म्हणालात, भांडण त्यावर आहे. तेवढं मागे घ्या.

पेठकरी :
सरसकट मागे घेत नाही. ज्यांच्या वह्या बघीन, त्यांच्यापुरतं घेईन. येत्या रविवारी शाहू स्मारकच्या कलादालनात असेन, वह्या घेऊन या. ज्यांना यायचं त्यांनी सगळ्यांनी या.

दोन_पोरांची_आई :
मी धाकट्याला घेऊन येते. म्हैस बघायची आहे त्याला.

छापखाना_उद्यमनगर :
पेंटरदादा, आण्णांनी काढलेले बोर्ड कुठे शिल्लक आहेत का अजून? चांगला पाकळीचा ‘ल’ सापडला तर स्कॅन करून ठेवतो. पुढचं मुलांचं पुस्तक आलं की प्रकाशकासमोर ठेवतो, बघू काय म्हणतात.

पेंटरचा_पोरगा :
शाहूपुरीत एका गिरणीवर आहे, आणि दुसरा आमच्याच परड्यात पडलाय, गंजलाय थोडा. ‘ल’ हाय, ‘श’ बी हाय. पर स्कॅन करायच्या आधी आण्णांना विचारा, आणि खाली त्यांचं नाव टाका.