मदत हवी आहे : पहाटे सासूबाईंची खोली फार गार पडते, उपाय सुचवावेत

नमस्कार.

घरात वयस्कर माणसे असलेल्यांचा आणि जाणकारांचा सल्ला हवा आहे. प्रश्न थंडीचाच आहे, परंतु तो सकाळी टेकडीवर जाताना लागणाऱ्या थंडीचा नसून घरात शिरून बसलेल्या थंडीचा आहे.

माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. त्यांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि सौम्य स्वरूपाचा दमा आहे. त्यांचे सारे आयुष्य पुण्यात नारायण पेठेतील वाड्यात, दुसऱ्या मजल्यावर गेले. वाडा पुनर्बांधणीसाठी पाडला, म्हणून गेल्या मे महिन्यात आम्ही पाषाणला तळमजल्यावरच्या भाड्याच्या सदनिकेत राहायला आलो. घर पाहायला आलो तेव्हा भर दुपारी पंखा न लावता बसता आले होते आणि त्या गारव्यावर भाळूनच आम्ही जरा जास्त भाडे कबूल केले. आता तोच गारवा अंगावर आला आहे. सासूबाईंच्या खोलीची बाहेरची भिंत उत्तरेकडे आहे आणि या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कलल्यामुळे त्या भिंतीला दिवसभरात उन्हाचा स्पर्शही होत नाही. वर्तमानपत्रात शिवाजीनगर वेधशाळेचा तापमानाचा आकडा वाचून आम्ही निश्चिंत असायचो, मात्र पाषाण आणि एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) बाजूला पारा बहुधा त्याहूनही खाली उतरतो, हे इथे राहू लागल्यावर कळले.

गेल्या आठवड्यात मी खोलीत लावायचा एक साधा तापमापक आणून त्यांच्या पलंगाच्या उशाशी टांगला. रात्री दहा वाजता तो २२ अंश दाखवतो, पहाटे साडेपाचला १७, आणि दोनदा तर १६. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरे आणि आरोग्य यांविषयी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत थंडीच्या मोसमात घरातील तापमान किमान १८ अंश असावे, आणि दुर्बल व्यक्तींसाठी ते त्याहून अधिक ठेवण्याची गरज पडू शकते, असे म्हटले आहे. त्या सूचना थंड आणि समशीतोष्ण प्रदेश डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या आहेत हे खरे, पण त्या प्रदेशांतील घरांत खोली तापवण्याची सोय असते. आपली घरे उष्णता बाहेर घालवण्यासाठी बांधलेली असतात. सकाळी दहा वाजता आमच्या फाटकाबाहेरचे रिक्षावाले अर्ध्या बाह्यांच्या शर्टात उन्हाला पाठ देऊन निवांत बसलेले असतात आणि मी आत लोकरी मोजे घालून पोळ्या लाटत असते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जे घडले, त्यामुळे मी जास्त धास्तावले आहे. सासूबाईंचे पाय रात्रभर गार राहतात, म्हणून मी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून त्यांच्या पायांशी ठेवली. रात्री केव्हातरी टॉवेल सुटला. सकाळी मोजा उतरवताना डाव्या घोट्याच्या वर, जुन्या रुपयाएवढा, पाण्याने भरलेला फोड दिसला. त्यांना काहीही जाणवले नव्हते. “अगं, ऊब छान लागत होती,” एवढेच त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी समजावून सांगितले की दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना बोथट होते, आणि हाताला सोसवेल इतपत उष्णतासुद्धा तासन्‌तास एकाच जागी राहिली तर कातडी भाजते. जखम भरायला साडेतीन आठवडे लागले. ती पिशवी मीच भरली होती, त्यामुळे आता कोणतेही उष्ण साधन त्यांच्या जवळ ठेवायला माझा हात धजत नाही.

दुसरी अडचण त्यांच्या आंघोळीची आहे. पहाटे पाच वाजता आंघोळ आणि मग पूजा, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम आहे. वाड्यात तांब्याचा बंब होता. तो पेटला की पाण्याबरोबर न्हाणीघरही तापायचे, त्यामुळे तिथे पाचची आंघोळ ही शिक्षा नव्हती. इथे न्हाणीघरात छतापर्यंत टाइल्स आहेत आणि वरच्या जाळीतून बोचरा वारा येतो. घरमालकांनी गॅसचा गिझर आतच बसवलेला आहे. वारा लागू नये म्हणून सासूबाई त्या जाळीवर वर्तमानपत्र लावून घेतात आणि दार आतून घट्ट लावून आंघोळ उरकतात. बाहेर आल्यावर अर्धा तास त्यांची हुडहुडी जात नाही. घरच्या यंत्रावर सकाळी रक्तदाबाचा वरचा आकडा १५० च्या पुढे दिसतो, दुपारी तोच १३० च्या आसपास येतो. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि त्यामुळे दाब वाढतो, असे डॉक्टरांनी सांगितले असून नोंदी दाखवल्याशिवाय गोळी कमीजास्त करू नये अशी ताकीदही दिली आहे. “आंघोळ जरा उशिरा करा ना,” असे मी एकदाच सुचवून पाहिले. “नारायण पेठेत अठ्ठावन्न हिवाळे काढलेत मी,” असे उत्तर मिळाले, आणि सुनेने याहून पुढे काय बोलावे?

तिसरी गोष्ट खिडक्यांची. थंडी येते म्हणून त्या दिवसभर बंद ठेवायच्या, असा त्यांचा आग्रह असतो. उलट कोंदट खोलीत त्यांचा खोकला वाढतो असे मला वाटते. पहाटे उघडाव्यात तर शेजारच्या बांधकामावरचे राखणदार पालापाचोळ्याबरोबर प्लास्टिकही पेटवून शेकत बसतात आणि तो धूर थेट आत येतो. सासूबाईंना स्वतःला खोलीत कोळशाची शेगडी हवी आहे, ती मी अद्याप आणलेली नाही.

तेव्हा दमा आणि मधुमेह असलेल्या वृद्ध व्यक्तीच्या खोलीसाठी कोणते तापवण्याचे साधन सुरक्षित ठरेल, खिडक्या केव्हा उघडाव्यात, आणि त्यांचा नेम न मोडता आंघोळीची वेळ पुढे नेता येईल का, हे कृपया सांगावे. खाण्याबद्दलही एक शंका आहे. बाजरी, तीळ, मेथी ही थंडीची म्हणून त्यांना हवीच असतात आणि डिंकाचे लाडू धाकट्या नणंदबाईंनी डबाभर पाठवले आहेत. साखरेच्या रुग्णाने यांतले किती खावे?

पहिला प्रतिसाद

बाकीच्या प्रश्नांची उत्तरे सावकाश मिळतील. आधी जाळीवरचे वर्तमानपत्र काढा, आणि ते आजच काढा.

तुम्ही जाता जाता लिहिलेली ही गोष्ट साऱ्या लेखात सर्वांत धोक्याची आहे. गॅसच्या गिझरला जळण्यासाठी हवा लागते. बंद न्हाणीघरात ती अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा कितीतरी पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे या खुणांवरून माणसाला वाटते की पित्त झाले असावे, आणि उठून दार उघडण्याचे त्राण उरत नाही. गिझर बाहेर हलवेपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, थोडा वेळ हवा खेळू द्यावी आणि नंतरच त्यांना आत पाठवावे. झोपण्याच्या खोलीत कोळशाच्या शेगडीला नकार दिलात ते उत्तम केलेत; तिचाही धोका हाच आहे. आंघोळीनंतर त्यांचे डोके दुखते का, हे मात्र मुद्दाम विचारून पाहा.

दुसरा प्रतिसाद

माझा व्यवसाय वीजजोडणीचा असल्यामुळे हीटरबद्दल लिहितो. तुमच्या गरजेला तेलाचा हीटर योग्य आहे. त्यातील तेल जळत नाही, बंद पत्र्यांच्या आत नुसते तापते, त्यामुळे धूर किंवा विषारी वायू होत नाही. लाल तापणाऱ्या दांड्यांचा हीटर स्वस्त असतो, पण पदर किंवा पांघरूण त्याच्याजवळ गेले तर पेट घेऊ शकते. पंख्याचा हीटर धूळ उडवतो, ती दम्याच्या माणसाला सोसत नाही. १५०० वॅटच्या हीटरला साडेसहा अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, म्हणून तो पंख्या-दिव्याच्या लहान सॉकेटवर किंवा लांबवलेल्या बोर्डावर कधीही लावू नये, जाड पिनेच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावावा. तो पूर्ण वेळ चालला तर तासाला दीड युनिट वीज जाते. झोपण्यापूर्वी तासभर आणि पहाटे साडेचार ते सहा एवढा पुरेल. तो पलंगापासून चार हात दूर असावा, म्हणजे पुन्हा भाजण्याची भीती नाही.

मात्र हीटर आणण्याआधी पलंग त्या उत्तरेच्या भिंतीपासून सरकवून आतल्या भिंतीला लावा, कारण गार भिंत शेजारच्या माणसाच्या अंगातली ऊब शोषत राहते. सरकत्या खिडकीच्या फटींना स्पंजची पट्टी चिकटवा, जाड पडदे लावा, आणि पाय टेकतात तिथे सतरंजी घाला. ती सरकू नये म्हणून खाली रबरी जाळी हवी, नाहीतर थंडी टळेल आणि मांडीचे हाड मोडेल. आमच्याकडे आजोबा घोंगडी अंगावर न घेता गादीवर अंथरून तिच्यावर चादर घालत. खालून येणारा गारठा लोक विसरतात, म्हणून हे लिहिले. गरम पाण्याची पिशवी वापरायचीच असेल तर ती अंथरुणात आधी ठेवून, त्या निजायच्या वेळी काढून घ्यावी.

तिसरा प्रतिसाद

माझ्या वडिलांना दमा होता आणि अकरा हिवाळे मी त्यांच्यासोबत काढले. खिडक्यांचे उत्तर सरळ आहे : सकाळी अकरा ते दुपारी चार त्या सताड उघडा, एरवी बंद ठेवा. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होऊन तळाशी बसते, आणि वरची हवा त्या मानाने उबदार राहते. पुणे टेकड्यांच्या बशीत वसलेले असल्यामुळे ती गार हवा आणि तिच्यात कोंडलेला धूर ऊन चढेपर्यंत हलत नाही. तळमजल्याचे घर म्हणजे बशीचा तळच.

दुसरे विचारायचे ते असे की त्यांना इतरांपेक्षा जास्त थंडी वाजते का? तसे असेल तर सारा दोष पाषाणच्या हवेला देऊ नका. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हातपाय गार पडतात, म्हणून गोळीचे नाव डॉक्टरांना दाखवा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि पायांची संवेदना जाण्याचे तेही एक कारण असते. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. म्हातारी माणसे रात्री उठावे लागू नये म्हणून थंडीत पाणी तोडतात, तिकडेही लक्ष असू द्या. दिवसा कोमट पाण्याचा तांब्या जवळ ठेवला की आपोआप घोट घेतले जातात.

खाण्याचे म्हणाल तर बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, कुळथाचे पिठले यांना अडवू नका, फक्त भाकरी मोजून द्या. डिंकाचा लाडू गुळाचा असला तरी रक्तात साखरच वाढवतो. आंघोळीबद्दल माझ्या आईने एक तोड काढली होती : पहाटे कोमट पाण्याने हातपाय-तोंड धुऊन जप करायचा, आणि ऊन आल्यावर आंघोळ करून पूजा करायची. हे तिला मी सांगितले नव्हते, तिच्या बहिणीने सांगितले होते.

धागाकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. वर्तमानपत्र त्याच संध्याकाळी काढले. विचारल्यावर सासूबाई म्हणाल्या की आंघोळीनंतर डोके जड होत असे, पण ते थंडीचेच असेल असे त्यांना वाटले होते. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. घरमालकांना प्रतिसाद वाचून दाखवला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी गिझर ड्राय बाल्कनीत हलवून दिला.

रक्त तपासले. थायरॉइड ठीक आहे, परंतु हिमोग्लोबिन ९.४ निघाले आणि बी-१२ देखील बरेच कमी आहे. मेटफॉर्मिन चौदा वर्षे चालू होते. इंजेक्शने सुरू झाली असून रक्त कुठून जात तर नाही ना, यासाठी डॉक्टरांनी आणखी चाचण्या लिहून दिल्या आहेत.

पलंग सरकवला, फटी बुजवल्या, घोंगडी गादीवर गेली. हीटर न लावताच काल पहाटे उशाशी १८.५ अंश होते. तो आणला आहे, पण अद्याप दोनच पहाटे लागला. आंघोळीचा विषय मी काढला नाही. कोथरूडच्या मावशींना फोन करून तो त्यांच्याकडून काढवला. “बंबच राहिला नाही, तर पाचचा हट्ट कशाला?” असे म्हणून सासूबाईंनी आपण होऊन साडेआठची वेळ ठरवली आहे. परवा भोगी आहे. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या त्या स्वतःच थापणार आहेत, आणि त्यांवर लोण्याचा गोळा केवढा घ्यायचा यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.