यंत्रांच्या बुद्धिबळात कसली आलीय लबाडी?

विश्रामबागकर: परवा इथं एकानं ठोकून दिलं, "संगणक विरुद्ध संगणक स्पर्धेत लबाडी होऊच शकत नाही, यंत्र काय संडासात मोबाईल घेऊन जातंय?" डोकं सणकलं. रिब्का विसरलात, ते बुद्धिबळ खेळणारं इंजिन, म्हणजे संगणक प्रोग्राम? 2007 ते 2010 सलग चार जागतिक विजेतेपदं. 2011 मध्ये आयसीजीएनं, म्हणजे ही स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेनं, चारही काढून घेतली, क्राफ्टी आणि फ्रूट या दुसऱ्यांच्या इंजिनांमधून उचलेगिरी केली म्हणून. आणि कळलं कधी? चषक घरी गेल्यावर, लोकांनी प्रोग्राम उलगडून बघितला तेव्हा. माझं म्हणणं एवढंच, स्पर्धेआधी सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचं मूळ लिखाण, पंचांकडे. नाही द्यायचा? मग खेळू नका.

तिरका_उंट: ठोकणारा मीच. फ्रूटचा कोड 2005 मध्ये खुला होता, सगळ्यांनीच वाचला. वाचून शिकणं चोरी असेल तर सांगलीतले निम्मे खेळाडू आत जातील, सगळे जुने डाव पाठ करूनच शिकलेत. रिब्का लिहिणाऱ्या राज्लिकनं आरोप फेटाळलेत, हे बरं गाळलंत! वर्षानुवर्षं खपून लिहिलेला कोड कुणाच्या तरी पेनड्राईव्हवर द्यायचा?

विश्रामबागकर: कल्पना घ्या की! अल्फा-बीटा, म्हणजे बिनकामाच्या चाली न तपासता सोडून द्यायची रीत, सगळेच वापरतात, कोण चोरी म्हणतंय? पण घोडा कुठल्या घरात असला की किती गुण, हा तक्ता फ्रूटच्याच सूत्रातून आकडे बदलून निघतो, असं तपासणाऱ्यांनी दाखवलं. त्याला शिकणं नाही म्हणत. स्टॉकफिश या खुल्या इंजिनवाल्यांना 2021 मध्ये चेसबेस कंपनीविरुद्ध कोर्टात जावं लागलं, ते काय हौस म्हणून? जीपीएल या खुल्या परवान्याचा कोड विका खुशाल, पण सोर्स द्या.

मिरजेची_आई: तुमचं फ्रूट राहू द्या. आमच्या पोराच्या स्पर्धेत समोरच्याचे वडील खिडकीत उभे राहून कान खाजवायचे. दर वेळी कान खाजवला की पोरगं वजीर हलवणार! पंचांना सांगितलं तर म्हणे, "मॅडम, खाज कुणालाही सुटते."

गणपतीपेठ: आणि तुम्हाला हे दिसलं कुठून? म्हणजे तुम्हीपण खिडकीतच की! सगळ्या पालकांना दुसऱ्या मजल्यावर कोंडा, निम्मी लबाडी तिथंच संपेल.

मिरजेची_आई: मी पाण्याची बाटली द्यायला गेले होते. तोंड सांभाळून बोला.

गणपतीपेठ: पोरगं हरलं की समोरचा चोर, हे नेहमीचंच आहे. माझ्या पुतण्याला असंच बदनाम केलं. खिसे उलटे करायला लावले, निघाला काय तर शेंगदाण्याचा लाडू. पोरानं पट सोडला तो सोडलाच.

मिरजेची_आई: वाईट झालं. पण कान खाजवणाऱ्याचं काय?

विश्रामबागकर: अहो, धागा इंजिनांचा आहे!

तिरका_उंट: काढा की वेगळा, तुम्हाला कोण अडवतंय? बरं, द्या बाबा कोड पंचांना, जिंकलात. फक्त तो वाचता येणारा पंच शोधून आणा. आमच्या इथल्यांना फेरीच्या जोड्या छापायला पोरं बोलवावी लागतात.

विश्रामबागकर: जागतिक स्पर्धेचं बोलतोय मी, तुमच्या गल्लीतल्या नाही!

तिरका_उंट: रिब्काही जागतिक स्पर्धेतच जिंकली होती ना? चार वेळा?