डार्क नाइट रिटर्न्स: स्वगत गेलं, पण सगळंच गेलं का?

‘डार्क नाइट रिटर्न्स’ या कॉमिकवरून केलेल्या ॲनिमेशनपटात ब्रूसचं, म्हणजे बॅटमॅनचं, स्वगत गाळल्यामुळे तो पोकळ झाला, असं एक मत आहे. ते मला अर्धंच पटतं. फ्रँक मिलरच्या १९८६च्या मूळ कॉमिकच्या चार अंकांत पंचावन्न वर्षांचा ब्रूस सतत मनाशी बोलत असतो. दुखणारं अंग, थकलेला दम, सगळं आपल्याला त्याच्याच तोंडून कळतं. दिग्दर्शक जे ऑलिव्हाने २०१२ आणि २०१३च्या दोन भागांत ते जवळजवळ सगळं काढलं आणि भार बॅटमॅनला आवाज देणाऱ्या पीटर वेलरवर टाकला.

चिखलातली मारामारी पुन्हा बघा. आधी म्युटंट टोळीच्या म्होरक्याकडून जबर मार खाल्लेला बॅटमॅन यावेळी त्याला मुद्दाम चिखलात उतरवतो, त्याचा वेग मारतो आणि थंड डोक्याने त्याला निकामी करत जातो. वेलर तिथेही आवाज चढवत नाही. म्हातारपणी शहाणा झालेला लढवय्या त्या एका प्रसंगात पुरता उभा राहतो, स्वगताशिवाय!

खरं नुकसान माझ्या मते दुसरीकडे आहे. कॉमिकमध्ये आई-वडिलांच्या खुनाच्या प्रसंगात ब्रूसच्या आईचा हार तुटून मोती सुटतात ते छोट्या छोट्या, मुक्या चौकटींत. कुठल्या चौकटीवर किती रेंगाळायचं ते वाचक ठरवतो. पडद्यावर तो वेळ दिग्दर्शकाच्या हातात जातो आणि प्रसंग भरकन सरतो. कॉमिक रंगवणाऱ्या लिन व्हार्लीचे धूसर, मळकट रंगही सिनेमात फार स्वच्छ झालेत.

तरी दुसरा भाग सोडू नका. मायकल एमर्सनच्या आवाजातला जोकर अजिबात आरडाओरडा करत नाही, म्हणूनच त्याची जास्त भीती वाटते.